उतारावरची गाठ: एका कॉर्डोमाचं प्रकरण

२००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या जॉश सॉमरचं डोकं फार दुखायला लागलं. वय अठरा, शाखा इंजिनिअरिंग. या वयात डोकं दुखायला कारणं काय कमी असतात? जागरणं, परीक्षा, चष्म्याचा वाढलेला नंबर. पण इथे एमआरआय निघाला आणि कवटीच्या तळाशी, अगदी मधोमध, एक गाठ दिसली. तिचं नाव कॉर्डोमा. हा हाडाचा कर्करोग, पण बहुतेक डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला असतो. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक रुग्ण, म्हणजे अख्ख्या अमेरिकेत वर्षाला सुमारे तीनशे.

कॉर्डोमा समजून घ्यायला मी हे प्रकरण निवडलं, कारण ते जाहीर आहे आणि पुष्कळ ठिकाणी नोंदलेलं आहे. दुसरं कारण असं की या आजारातले दोन मोठे पेच त्यात एकत्र येतात. रुग्णाचं काय होणार, हे बरंचसं पहिल्या ऑपरेशनवर ठरतं. आणि त्या ऑपरेशनमध्ये निघालेल्या मांसाच्या तुकड्याचं पुढे काय होतं, त्यावर पुढच्या रुग्णांचं ठरतं. पहिला पेच न्यूरोसर्जनना ठाऊक होता. दुसरा जगासमोर आणण्यात या मुलाचा वाटा मोठा.

आधी जागा समजून घेऊ. नाकाच्या मुळातून सरळ मागे, डोक्याच्या मध्यापर्यंत गेलं की एक तिरकं हाड लागतं. त्याला क्लायव्हस म्हणतात. लॅटिनमध्ये याचा अर्थ उतार, आणि ते खरंच घसरगुंडीसारखं असतं. त्याच्या लगेच मागे ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ उभा असतो. श्वास, गिळणं, हृदयाच्या ठोक्यांचा वेग, सगळं तिथून चालतं. दोन्ही बाजूंनी कॅरोटिड धमन्या वर चढतात, मागून बॅसिलर धमनी जाते. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस याच उतारावरून वर जाते. त्यामुळे क्लायव्हसमधल्या गाठीचं एक ठरलेलं लक्षण म्हणजे एकाचे दोन दिसणं. एक डोळा कानाकडे वळेनासा होतो. रुग्ण बिचारा चष्म्याच्या दुकानात जातो, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि कधीतरी कुणीतरी एमआरआय लिहून देतं.

गाठ तिथेच का होते, याचं उत्तर आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. प्राण्यांच्या वर्गीकरणात ‘समपृष्ठरज्जू प्राणी’ असा एक संघ आपण पाठ केला होता. पाठीला आधार देणारा पृष्ठरज्जू ज्यांच्यात आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असतो, ते हे प्राणी. माणसात तो टप्पा गर्भातला. तिसऱ्या आठवड्यात ही लवचिक दांडी तयार होते, तिच्याभोवती मणके रचले जातात आणि मग दांडीचं काम संपतं. दोन मणक्यांमधल्या गादीच्या पोटातला मऊ गर ही तिची राहिलेली खूण. पण काही पेशी हाडातही अडकून राहतात. वरचं टोक क्लायव्हसमध्ये, खालचं माकडहाडाजवळ. बहुतेकांच्या बाबतीत त्या जन्मभर गप्प असतात. फार थोड्यांच्या बाबतीत, पुष्कळदा पन्नाशी-साठीत आणि कवटीच्या तळाशी असतील तर त्याहून लवकर, त्या वाढायला लागतात. म्हणून ही गाठ कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंतच्या एकाच रेषेवर सापडते. अमेरिकेतल्या ४०० रुग्णांच्या नोंदी तपासून २००१ साली एक अभ्यास छापून आला. त्यात कवटी, मधला कणा आणि त्रिकास्थी (माकडहाडाच्या लगेच वरचं तिकोनी हाड) यांचा वाटा जवळजवळ एकेक तृतीयांश होता.

ही गोष्ट उलगडायला वैद्यकाला चाळीसेक वर्षं लागली. १८५७ मध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी शवविच्छेदनात क्लायव्हसवर जेलीसारखे छोटे उंचवटे पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशी बुडबुड्यांनी भरलेल्या दिसत होत्या. फिर्खोंना वाटलं, ही कूर्चा आहे. पुढच्याच वर्षी म्युलर यांनी सुचवलं की हे पृष्ठरज्जूचे अवशेष असावेत, पण ते सहजासहजी मानलं गेलं नाही. १८९४ मध्ये रिबर्ट यांनी सशांच्या मणक्यांमधल्या गाद्या टोचून आतला गर बाहेर येऊ दिला, तर तिथे तशाच पेशींची वाढ झाली. कॉर्डोमा हे नावही त्यांचंच. फिर्खोंची चूक मात्र आजही होते. कॉर्डोमा आणि कूर्चेचा कर्करोग काँड्रोसार्कोमा एकाच जागी होतात, एमआरआयवर भावंडांसारखे दिसतात, पण काँड्रोसार्कोमाचं भवितव्य पुष्कळ बरं असतं. दोघांना वेगळं करणारी खात्रीची खूण २००६ साली हाती आली: ब्रॅक्युरी नावाचं प्रथिन. पृष्ठरज्जू घडवणारं हे प्रथिन कॉर्डोमाच्या पेशींच्या केंद्रकात सापडतं, काँड्रोसार्कोमात नाही. जॉशचं निदान झालं ते हेच वर्ष.

ब्रॅक्युरी म्हणजे ग्रीकमध्ये आखूड शेपटी. १९२७ मध्ये पॅरिसमध्ये काम करणाऱ्या नादेज्दा डोब्रोव्होल्स्काया-झावाद्स्काया यांना शेपटी तोकडी असलेले उंदीर आढळले, त्या दोषाच्या जनुकाचं हे नाव. शेपटीचा अभ्यास करणाऱ्या बाईंचं काम ऐंशी वर्षांनी माकडहाडाच्या कर्करोगाला उपयोगी पडलं, याची मला गंमत वाटते.

आता ऑपरेशन. कॉर्डोमा संथ वाढतो, लांब पसरायची घाईही करत नाही. फुफ्फुसं, यकृत, इतर हाडं इथे तो काही रुग्णांत जातो, पण बहुधा उशिरा. मग हा जीवघेणा का? कारण तो जिथे आहे तिथेच पुन्हा पुन्हा उगवतो. गाठ जेलीसारखी असते. कापताना तिचं वेष्टण फुटलं की पेशी जखमेत सांडतात, अगदी ऑपरेशनच्या वाटेवरही रुजतात. त्रिकास्थीच्या कॉर्डोमावरचा १९८४ चा एक अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. गाठ न उघडता अखंड काढली तेव्हा २८ टक्के रुग्णांत ती परत आली. ऑपरेशनमध्ये गाठ उघडली गेली तेव्हा हेच प्रमाण ६४ टक्के झालं. रोग तोच, जागा तीच, फरक हात कसा चालला याचा.

म्हणून निदान आधी आणि सुरी नंतर, हा क्रम इथे फार महत्त्वाचा. त्रिकास्थीच्या गाठीचा तुकडा तपासायचा तर सुई पाठीमागून घालायची, गुदाशयातून नाही, कारण सुईची वाटही नंतर गाठीसोबत काढून टाकावी लागते. हे माहीत नसलेल्या एखाद्या डॉक्टरने सोयीची म्हणून गुदाशयातून सुई घातली, तर एका मिनिटात रुग्णाचं पुढचं ऑपरेशन मोठं होऊन बसतं. आणि माकडहाडाजवळच्या गाठीचं निदान तसंही रखडतंच. बसताना दुखतं, बद्धकोष्ठ होतो, लघवीला त्रास होतो. मूळव्याध, सायटिका, ‘मणक्याची गादी सरकली’ अशी लेबलं लागत राहतात. कमरेचा एमआरआय काढतात, पण कित्येकदा तो त्रिकास्थीच्या वरच्या भागातच थांबतो आणि गाठ चित्राबाहेर राहते.

अखंड काढण्याची किंमत असते. स्वीडनमधल्या बर्टिल स्टेनर यांनी १९७० च्या दशकात त्रिकास्थी उंचावरून कापून गाठ अखंड काढण्याची पद्धत बसवली. त्या हाडातून जाणाऱ्या नसांवर लघवी-शौचाचा ताबा अवलंबून असतो. दुसऱ्या पातळीच्या दोन्ही नसा आणि तिसऱ्या पातळीची निदान एक वाचली तर तो बहुधा टिकतो. त्याहून वर कापावं लागलं तर आयुष्यभर कॅथेटर घालावा लागण्याची शक्यता मोठी. हे सगळं ऑपरेशनच्या आधी, शांतपणे, घरच्यांसमोर बोलायला हवं. ‘गाठ आहे, काढून टाकू’ एवढ्यावर सही घेणं मला अन्यायाचं वाटतं.

कवटीच्या तळाशी तर अखंड काढणं जवळजवळ अशक्य. धमन्या आणि ब्रेनस्टेम यांच्यामधून गाठ तुकड्यांनीच काढावी लागते. पूर्वी चेहरा किंवा कवटीची बाजू उघडून जात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नाकातून दुर्बीण घालून जाण्याचं तंत्र पुढे आलं. गाठ समोरून वाढते आणि ब्रेनस्टेम तिच्यामागे असतो, त्यामुळे नाकाची वाट तर्काला धरून आहे: मेंदूला हातच लावावा लागत नाही. धोका मेंदूभोवतालचं पाणी नाकातून गळण्याचा. त्यासाठी नाकाच्या पडद्याचाच एक पापुद्रा, त्याचा रक्तपुरवठा न तोडता, वळवून भोकावर बसवतात. पण हे हात सवयीने तयार होतात. वर्षात एखादी अशी गाठ काढणारा सर्जन आणि दर महिन्याला काढणारा सर्जन, यांच्यात फरक राहणारच. जॉशची गाठ २००६ मध्येच ऑपरेशन करून काढण्यात आली.

ऑपरेशननंतर बहुतेकांना रेडिएशन लागतं, आणि इथे एक साधं गणित आडवं येतं. कॉर्डोमा दाबून ठेवायचा तर ७४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त मात्रा द्यावी लागते. शेजारचा ब्रेनस्टेम आणि डोळ्यांच्या नसा यांच्यासाठी सुरक्षित मर्यादा धरतात ती साधारण ५४ ते ६० ग्रेची. दोघांमधलं अंतर कधी कधी दोन-तीन मिलिमीटर. साधा एक्स-रे किरण शरीरात शिरून पार पलीकडे निघतो, वाटेत सगळ्यांना भाजत. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो आणि थांबता थांबता आपली बहुतेक ऊर्जा तिथेच टाकतो. त्याचा वैद्यकात उपयोग करावा, हे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवलं होतं. १९७० च्या दशकात बोस्टनमधल्या डॉक्टरांनी हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, कॉर्डोमाचे रुग्ण नेऊन हा विचार प्रत्यक्षात आणला. जपानमध्ये चिबा इथे १९९४ पासून कार्बनच्या जड कणांनी उपचार होतात. तिथे ऑपरेशन न करता फक्त कार्बन आयन दिलेल्या त्रिकास्थीच्या १८८ रुग्णांपैकी पाच वर्षांनी ७७ टक्क्यांत गाठ आटोक्यात होती. ज्यांना ऑपरेशनने लघवी-शौचाचा ताबा गमवावा लागला असता, त्यांच्यासाठी हा आकडा नुसता आकडा राहत नाही.

औषधांविषयी लवकर सांगून होतं. नेहमीची केमोथेरपी चालत नाही. इमॅटिनिबसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांत वाढ काही काळ थांबते. खास कॉर्डोमासाठी मान्यता मिळालेलं औषध, मी हे लिहीत असेपर्यंत, अमेरिकेतही नाही.

का नाही, हा प्रश्न जॉश सॉमरला पडला. छापील माहितीत त्याला सरासरी आयुष्य सात वर्षं असं दिसलं. मी वर सांगितलेल्या ४०० रुग्णांच्या अभ्यासात मध्यक सव्वासहा वर्षांचा होता. या आकड्याबद्दल दोन शब्द. मध्यक म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले. शिवाय त्या नोंदी १९७३ ते १९९५ मधल्या, म्हणजे नाकातून जाणारी दुर्बीण आणि आजचे एमआरआय यायच्या आधीच्या. नव्या रुग्णाने तो आपल्या कपाळावर लिहून घ्यायचं कारण नाही. पण अठराव्या वर्षी कुणाला हे सुचणार?

योगायोग असा की त्या वेळी अमेरिकेत सरकारी अनुदानावर कॉर्डोमाचा अभ्यास करणारे एकच संशोधक होते, मायकेल केली, आणि त्यांची प्रयोगशाळा ड्यूकमध्येच होती. जॉश त्यांच्याकडे काम करायला लागला. त्याच्या लक्षात आलं की इथे अडलंय ते कल्पनांवाचून नाही, कच्च्या मालावाचून. औषधं तपासायला प्रयोगशाळेत जिवंत वाढणाऱ्या कॉर्डोमाच्या पेशी लागतात. जर्मनीतल्या उल्म इथे २००१ साली वाढवलेल्या पेशी सोडल्या तर भरवशाचं फारसं काही नव्हतं. कॉर्डोमाच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही पेशी नंतर तपासल्यावर कॉर्डोमाच्या नव्हत्याच असं निघालं. म्हणजे त्यांच्यावर घालवलेले दिवस-महिने वाया.

ताज्या पेशी मिळत का नव्हत्या? इथे पुन्हा पहिलं ऑपरेशन येतं. गाठ निघाली की सिस्टर तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. निदानासाठी ते योग्यच. पण फॉर्मेलिनमध्ये पेशी मरतात. वर्षाला तीनशे रुग्ण, ते पन्नास हॉस्पिटलांत विखुरलेले, आणि प्रत्येक ठिकाणी ती बाटली. एखाद्या प्रयोगशाळेने आयुष्यभर वाट पाहिली तरी हातात चार-सहा ताजे तुकडे यायचे.

२००७ मध्ये जॉश आणि त्याची आई सिमोन, ज्या स्वतः डॉक्टर आहेत, यांनी कॉर्डोमा फाउंडेशन स्थापन केलं. २००८ मध्ये त्याने पदवी अर्धवट सोडली आणि पूर्णवेळ यात उतरला. संस्थेचं काम ऐकायला रुक्ष आहे: शास्त्रज्ञांना एका खोलीत आणणं, रुग्णांना ऑपरेशनच्या आधी ऊतक दानाबद्दल सांगणं, नव्या पेशी वाढवणाऱ्याला बक्षीस लावणं, त्या तपासून मागेल त्याला देणं. इंजिनिअरचं डोकं आहे ते. नळाला पाणी नाही तर आधी पाइप कुठे तुंबलाय ते बघा.

फळ मिळालं, पण सरळ रेषेत नाही. कॉर्डोमा एकाच घरात अनेकांना झालेली मोजकी कुटुंबं जगात आहेत. २००९ मध्ये त्यांतल्या काहींत ब्रॅक्युरीच्या जनुकाची जादा प्रत सापडली. या शोधात केलींचा सहभाग होता. दुसरीकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॉर्डोमाच्या पेशींवर शेकडो औषधं चाळता आली आणि त्यातून अफॅटिनिब हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचं औषध पुढे येऊन युरोपात कॉर्डोमाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१९ मध्ये बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमधल्या गटाने ब्रॅक्युरीची निर्मितीच दाबणारी रसायनं दाखवली. त्या शोधनिबंधाची मुख्य लेखिका स्वतः कॉर्डोमाची रुग्ण होती. उलट, ब्रॅक्युरी ओळखायला शरीराला शिकवणारी यीस्टवर आधारित लस रेडिएशनच्या जोडीला देऊन पाहिली, तर तिचा फायदा दिसला नाही आणि ती चाचणी आटोपती घेतली गेली. ब्रॅक्युरीवर नेम धरणं अवघड आहे. ते केंद्रकात बसून इतर जनुकांना हुकूम सोडणारं प्रथिन आहे, आणि औषधाचा रेणू अडकवायला त्याच्यावर सोयीची खाच नाही.

हे सगळं अमेरिकेतलं. महाराष्ट्राशी त्याचं नातं आकड्याचं आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. दहा लाखांमागे एक हा अमेरिकेतला दर इथे लावला तर वर्षाला शंभरावर रुग्ण निघतात. ही निव्वळ आकडेमोड आहे, मोजणी नव्हे. पण ते शंभर जण नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेले असणार आणि प्रत्येक गावच्या डॉक्टरांसाठी ती आयुष्यातली पहिली केस असणार. प्रोटॉन आता दूरचे राहिलेले नाहीत. चेन्नईत २०१९ मध्ये खासगी केंद्र सुरू झालं, आणि २०२३ पासून टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या केंद्रात प्रोटॉन उपचार मिळतात. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात-आठ आठवडे चालतं. त्यामुळे बाहेरगावच्या कुटुंबासाठी प्रश्न उपचाराच्या खर्चाइतकाच राहायचं कुठे याचाही असतो.

अशी गाठ कुणाच्या रिपोर्टमध्ये ‘कॉर्डोमा असू शकतो’ म्हणून आली, तर घाईने तारीख घेऊ नये. दोन-तीन आठवड्यांनी या गाठीत सहसा फरक पडत नाही. अपवाद ब्रेनस्टेम किंवा मज्जारज्जू दाबला जाऊन हातपाय लुळे पडत असतील तर. एमआरआयच्या नुसत्या फिल्म नकोत, सीडी घ्यावी. तुकडा काढला असेल तर तो मेणात बसवून ठेवलेले ब्लॉक मागून घ्यावेत. आणि सर्जनना सरळ विचारावं: ‘डॉक्टर, तुमच्याकडे अशा किती केसेस होतात? नंतर प्रोटॉन लागले तर कुठे पाठवाल?’ चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

२०१३ आलं, जॉशने छापील माहितीत वाचलेली ती सात वर्षं झाली. २०१५ च्या ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त अनेक देशांतल्या कॉर्डोमा तज्ज्ञांनी मिळून उपचारांची पहिली सामायिक दिशा छापली. इटलीच्या सिल्व्हिया स्टाकिओटी यांच्याबरोबर लेखक म्हणून त्यावर नाव आहे जॉश सॉमरचं. ऑपरेशनच्या आधी अनुभवी केंद्रात सगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवावं, असं त्यात सांगितलं आहे. पुढचा पाठपुरावा दीर्घ असतो: सुरुवातीला दर सहा महिन्यांनी एमआरआय, मग वर्षातून एकदा, आणि हे दहा-पंधरा वर्षं. आणि ताजा तुकडा द्यायचा असेल तर ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच ठरलेलं असावं लागतं. टेबलावर रुग्ण बेशुद्ध असतो, आणि फॉर्मेलिनची बाटली आधीच उघडून ठेवलेली असते.